पिंपरी कॅम्पात, शिध्याच्या रांगेत

चप्पल पायातच राहू द्या, जमीन पोळते आहे. १९४९चा मे महिना आहे आणि तुम्ही पिंपरी कॅम्पात शिध्याच्या रांगेत उभे आहात. हो, तोच कॅम्प, जिथे आज लग्नाचा बस्ता बांधायला येता. अजून दुकानं नाहीत. बराकी आहेत, धूळ आहे आणि कराचीहून बोटीने मुंबईला, तिथून पुढे इकडे आलेली सिंधी माणसं आहेत. दंगलीच्या भीतीने घरदार सोडून आलेली.

मागून धक्का बसतो. घाम, रॉकेल, तापलेलं गोणपाट, सगळ्याचा एकच वास नाकात बसतो. कारकून नावं पुकारतो, ती त्याच्या तोंडी अशी वाकडी होतात की ज्याचं नाव त्यालाच कळत नाही. पुढची म्हातारी माप आपल्या थैलीत ओतून घेते, मूठभर दाणे नाकाशी नेते, खवट वासाने तोंड फिरवते आणि थैलीचं तोंड आवळते. एक शब्द बोलत नाही. हैदराबाद-सिंधला तिच्या घराच्या छपरावर वारा खाली ओढून घेणारे झरोके होते. कोठारातलं धान्य तीच पाखडून निवडायची. इथे पोटाला मिळतं, आणि ते फार मोलाचं आहे. पण काय खायचं हे दुसऱ्याने ठरवावं, हा सल तिच्या तोंडावर स्पष्ट दिसतो.

“बेटा, थैली पकड.”

पकडा आणि तिच्यामागे बराकीत शिरा. आत भट्टी. गोणपाटाच्या पडद्यापलीकडे कुणी खोकतंय, कुणी भांडतंय, कुणाचा स्टोव्ह फरफरतोय; इथे खाजगी असं काही उरलेलं नाही. नातू पाटीवर उजवीकडून डावीकडे सिंधी अक्षरं गिरवतोय. त्याच्या पोटरीवर टपोरं गळू आहे, त्यावर हळदीचा लेप. १९५४ साली याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन होईल, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पेनिसिलिन तयार करायला. आज मात्र पोरगं ठणक्याने कण्हतंय.

हातपाय धड असलेल्यांचा फुकट शिधा बंद होणार, अशी कुजबुज आहे. म्हणून सुनेने पहाटेच उडदाचं पीठ कुटलंय. मिऱ्यांचा झणका घशाला लागतो, तुम्हाला ठसका येतो, ती हसते. खाटेवर पापड कडकडीत वाळलेत. ते हलक्या हाताने टोपलीत रचा.

दुपारच्या गाडीला डब्यात पाय ठेवायला जागा नाही. टोपली डोक्यावर धरून तुम्ही आत घुसता. “केवढ्याला रे?” नऊवारीतल्या एक बाई विचारतात. तुम्हाला भाव कुठे ठाऊक? लंगडत आलेला नातू काखेखालून मुंडी काढतो आणि शिकलेलं मराठी घाईघाईने म्हणून दाखवतो, “मावशी, आधी खाऊन बघा!”

मावशी अर्धा पापड मोडतात. “मिरी जास्त झालीय,” म्हणतात, आणि डझनभर मागतात.