अखिल भारतीय वकील परीक्षा

अखिल भारतीय वकील परीक्षा ही भारतात वकिलीचा व्यवसाय करण्यासाठी उत्तीर्ण व्हावी लागणारी पात्रता परीक्षा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया अर्थात भारतीय विधिज्ञ परिषद ही परीक्षा घेते. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून कायद्याची पदवी मिळविणाऱ्यांना ती बंधनकारक असून पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. विधी महाविद्यालयाची पदवी आणि न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडण्याची क्षमता यांतील अंतर कसे मोजावे, हा या परीक्षेमागील मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या मूळ कलम २४ नुसार प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणे ही सनद मिळण्याची एक अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. त्यानंतर विधी पदवीधराला कोणतीही वेगळी चाचणी न देता सनद मिळू लागली. ही उणीव भरून काढण्यासाठी परिषदेने १९९५ च्या नियमांद्वारे एक वर्षाची उमेदवारी सक्तीची केली. मात्र, संसदेने वगळलेली अट परिषदेला नियमांच्या मार्गाने परत आणता येणार नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर खटल्यात १९९९ मध्ये हे नियम रद्द केले.

विधी शिक्षण नियम, २००८ ने प्रात्यक्षिकांवर भर दिला. मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय हे विषय अनिवार्य झाले. आंतरवासितेचा किमान कालावधी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी १२ आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २० आठवडे ठरविण्यात आला.

स्वरूप

परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात व चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ती देता येते. सनद मिळाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत तात्पुरती वकिली करता येते. उत्तीर्ण झाल्यावर व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. अनुत्तीर्ण उमेदवार कितीही वेळा पुन्हा बसू शकतो. प्रारंभी पुस्तके व टिपणे सोबत नेता येत. कायदा पाठ आहे की नाही, यापेक्षा तो शोधून लागू करता येतो का, हे तपासण्याचा त्यामागे हेतू होता. २०२१ पासून केवळ टिपणविरहित मूळ कायद्यांच्या प्रती नेता येतात.

न्यायालयीन निर्णय

बॉनी फोई विधी महाविद्यालय खटल्यात १० फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने परीक्षेची वैधता मान्य केली आणि व्ही. सुदीर खटल्यातील भूमिका फेटाळली. परीक्षा सनदेपूर्वी घ्यावी की नंतर, हा निर्णय पीठाने परिषदेवर सोपविला. २०२४ मध्ये न्यायालयाच्या निर्देशामुळे अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली.

मूल्यमापनाच्या मर्यादा

बहुपर्यायी प्रश्नांतून कायद्याचे ज्ञान तपासता येते. परंतु वादपत्र किंवा कैफियत लिहिणे, साक्षीदाराची उलटतपासणी घेणे, पक्षकाराचे म्हणणे नीट ऐकून घेणे ही कौशल्ये तपासली जात नाहीत. घोषित अभ्यासक्रमात राज्यघटनेवर १० प्रश्न आहेत, तर व्यावसायिक नीतीवर केवळ ४. मुदतीत अपील दाखल न झाल्यास किंवा मसुद्यात महत्त्वाची मागणी राहून गेल्यास त्याची किंमत पक्षकार मोजतो. म्हणून हा प्रश्न केवळ व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा नाही.

या संदर्भात इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ पासून सुरू झालेली सॉलिसिटर पात्रता परीक्षा तुलनेसाठी उपयुक्त ठरते. तिच्या पहिल्या टप्प्यात बहुपर्यायी प्रश्न असतात. दुसऱ्या टप्प्यात पक्षकाराची मुलाखत, युक्तिवाद, कायदेशीर संशोधन व मसुदालेखन यांची प्रात्यक्षिक चाचणी होते. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव आवश्यक असतो. भारतात मात्र सनदेपूर्वीची सक्तीची उमेदवारी १९९९ च्या निर्णयानंतर परत आलेली नाही. त्यामुळे नवोदित वकिलाचे प्रत्यक्ष शिक्षण बव्हंशी तो ज्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम करतो त्याच्यावर अवलंबून राहते, आणि अशी संधी सर्वांना सारखी मिळत नाही.