झोपलेल्या नाविकाचं सुकाणू

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, मुळशीत समुद्र कुठून आणणार?" मी म्हटलं, आणायला कशाला हवा, इथलं पाणी रोज समुद्राकडेच चाललंय. मुळेचं पाणी एरवी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांनी धरण बांधलं आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. त्यासाठी किती गावं बुडाली आणि सेनापती बापट कसे लढले, हे मुळशीकरांना मी सांगायला नको. भिऱ्याहून ते कुंडलिकेला मिळतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. तेव्हा कोकणातले नाखवे आपले खालच्या अंगाचे शेजारीच समजा.

आता मुद्द्यावर येतो. लांब पल्ल्याच्या शिडाच्या नौकेवर काय काय सामान असतं, असं विचारलं की डोलकाठी, शिडं, नांगर, होकायंत्र, जीवरक्षक तराफा अशी यादी येते. यादी बरोबरच आहे. पण मला एक साधा प्रश्न त्याहून मोठा वाटतो. माणूस एकटा आहे, किनारा कित्येक आठवडे लांब आहे, आणि त्याला झोप आली. आता सुकाणू कोण धरणार? आपल्या गलबतांवर हा प्रश्न नव्हता. तिथे तांडेल असे, खलाशी असत, पाळ्या असत. एकट्याच्या नौकेत पाळी बदलायला दुसरा माणूसच नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या नौकांच्या सामानात जे बदल झाले, त्यातले बरेचसे या एका झोपेभोवती फिरतात, असं माझं मत आहे.

जगाला एकट्याने पहिली प्रदक्षिणा घातली जोशुआ स्लोकमने, 1895 ते 1898 या काळात. त्याच्या 'स्प्रे'वर सुकाणू धरणारं कसलंही यंत्र नव्हतं. घड्याळ म्हणाल तर पत्र्याचं, तेही तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिलेलं! पण बोट रुंद, तळाचा कणा लांब. शिडं नीट जुळवून सुकाणू दोरीने बांधलं की ती आपली वाट सोडत नसे. थर्सडे आयलंड ते कोकोस कीलिंग हा 2,700 मैलांचा प्रवास तिने 23 दिवसांत केला, आणि त्यात आपण सगळे मिळून तीन तासही सुकाणूवर नव्हतो, असं स्लोकमने लिहून ठेवलं आहे.

पुढे 1960 साली अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडण्याची शर्यत झाली, आणि तिच्यात चिचेस्टर आणि हॅसलर या दोघांनी वाऱ्यावर चालणारी सुकाणूयंत्रं वापरली. हॅसलरची कल्पना पुढे फार पसरली. बोटीच्या मागच्या टोकाला एक हलका पंखा असतो. बोट वळली की वारा त्याला वेगळ्या बाजूने लागतो आणि तो कलतो. त्याच्या कलण्याने खाली पाण्यात बुडालेलं पातं जरासं फिरतं. ते फिरलं की वाहतं पाणी त्याला जोराने एका बाजूला ढकलतं, आणि पात्याला बांधलेले दोर सुकाणूचा दांडा ओढतात. पंख्यात स्वतःची ताकद काहीच नाही. तो फक्त सांगतो, काम पाणी करतं. वीज नको, तेल नको.

आता यात एक गंमत आहे, आणि मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं म्हणून मला ती जास्त भावते. या पंख्याला दिशा कळतच नाही. त्याला कळतो तो फक्त वाऱ्याशी असलेला कोन. तुम्ही झोपेत असताना वारा फिरला, तर बोटही इमानाने त्याच्याबरोबर फिरते. उठून होकायंत्र पाहावं तर आपण भलतीकडेच चाललेलो! (श्रोत्यांत हशा)

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे तरुण अधिकारी. त्यांनी मुंबईत, कुलाब्याला, 32 फुटांची सागवानी बोट बांधून घेतली. नाव 'सुहैली', म्हणजे इराणच्या आखातातला आग्नेयेचा वारा. हे 1960 च्या दशकातलं काम, पण मुंबईच्या सागवानाचा लौकिक त्याहून कितीतरी जुना. वाडियांनी 1817 साली इथे बांधलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात तरंगतं आहे.

14 जून 1968 ला नॉक्स-जॉन्स्टन 'सुहैली' घेऊन, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करायला निघाले. बोटीवर वाऱ्याचं सुकाणूयंत्र होतं. सुरुवातीलाच तळाच्या फळीच्या सांध्यातून पाणी शिरू लागलं, ते त्यांनी समुद्रात बुड्या मारून बाहेरून बुजवलं. केप ऑफ गुड होपच्या पुढे एका लाटेने बोट आडवी केली. टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं, तेव्हा शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी धरायचं, असा क्रम सुरू झाला. रेडिओ बंद पडला. आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला पोचेपर्यंत सुकाणूयंत्रही कायमचं मोडलं.

माणूस तिथेच थांबला असता तर कोणी दोष दिला नसता. पुढे अख्खा पॅसिफिक, केप हॉर्न आणि पुन्हा अटलांटिक उरला होता. त्यांनी केलं काय? स्लोकमचाच मार्ग. शिडं कमी-जास्त करून तोल साधला, सुकाणू बांधलं आणि झोपले. 'सुहैली'चा कणाही लांब होता, म्हणून ते जमलं. 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, ते इंग्लंडला पोचले. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोचले हे एकटेच. यंत्र मोडल्यावर ज्या गुणाने त्यांना तारलं, तो बोटीच्या घडणीतच होता. आणि ती घडली होती मुंबईच्या सुतारांच्या हातून. त्या सुतारांची नावं विजेत्यांच्या यादीत कुठेच नाहीत, याची मला खंत वाटते.

चाळीस वर्षांनी व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या ध्यासातून नौदलाची 'सागर परिक्रमा' उभी राहिली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटांची 'म्हादेई' तयार झाली. आत लाकूड, वर फायबरग्लास. कमांडर दिलीप दोंदे काही काळ नॉक्स-जॉन्स्टन यांच्याच हाताखाली शिकून आले होते. 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून निघाले आणि चार मुक्काम करून मे 2010 मध्ये परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून 2012-13 मध्ये न थांबता फेरी पुरी केली.

अशा मोठ्या, वेगवान नौकेत झोपताना सुकाणू धरतो तो विजेवरचा ऑटोपायलट. त्याला दिशा कळते, हा पंख्यावरचा त्याचा मोठा विजय. पण त्याला वीज लागते. विजेला बॅटरी, बॅटरीला जनरेटर, जनरेटरला डिझेल. शिवाय समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र त्याच विजेवर. एका झोपेसाठी केवढी ही साखळी! मी यंत्रांच्या विरोधात नाही, दोन्ही गुडघे बदलून घेतलेल्या माणसाला तो अधिकारही नाही. पण कुठली कडी तुटली तर काय करायचं, हे मात्र बंदर सोडण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. 'तारिणी'वर सहा नौदल अधिकारी महिला 2017-18 मध्ये जगप्रदक्षिणेला गेल्या. परतीच्या टप्प्यात सुकाणूच बिघडलं आणि ठरलेलं नसताना मॉरिशसला जावं लागलं. सहा जणी असूनही.

शेवटी 'थुरिया'बद्दल. 2018 साली, 1968 च्या शर्यतीची पन्नाशी म्हणून, त्याच काळातलं सामान वापरून पुन्हा शर्यत झाली. उपग्रहावरून वाट शोधण्याची साधनं फक्त संकटासाठी. अभिलाष टॉमी 'सुहैली'ची प्रतिकृती घेऊन उतरले, आणि ती गोव्यातच बांधलेली होती. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. उठता येईना. शीड नाही, सुकाणूवर कोणी नाही. मदत पोचायला तीन दिवस लागले, 24 तारखेला फ्रेंच मच्छीमार विभागाच्या 'ओसिरिस' जहाजाने त्यांना उचललं. ते तीन दिवस ते बोटीत पडून होते, आणि बोट तरंगत राहिली.

एवढंच. आता प्रश्न असतील तर घेऊ.