हवा पिणारा पंख

पंखाच्या पृष्ठभागातून हवा आत ओढून बाहेरच्या प्रवाहाला वळण लावायचे, या तंत्राचे मूळ लाकडाच्या भुशात आहे. 1901 च्या सुमारास तरुण इंजिनिअर लुडविग प्रांटल न्यूरेंबर्गच्या कारखान्यात भुसा आणि सालपे ओढून नेणारी यंत्रणा सुधारत होते. रुंदावत जाणाऱ्या नळीत हवेचा वेग मंदावतो आणि दाब वाढतो, असा हिशेब. प्रत्यक्षात दाब तेवढा वाढेना, कारण प्रवाह नळीची भिंत सोडून देत होता. हा प्रश्न घेऊनच ते हॅनोव्हरला प्राध्यापक झाले.

उत्तर त्यांनी ऑगस्ट 1904 मध्ये, हायडेलबर्गच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत दिले. पृष्ठभागाला खेटून प्रवाहाचा एक पातळ थर असतो, सीमास्तर. घर्षणाने त्याचा जोर सरतो. पुढे दाब चढता असला की तो थबकतो, उलटा फिरतो आणि सगळ्या प्रवाहाला पृष्ठभागापासून दूर लोटतो. मग हा दमलेला थरच शोषून घेतला तर? प्रांटल यांनी हाताने चाक फिरवून पाणी खेळवण्याची टाकी बनवली होती. पाण्यात चकाकते खनिजकण सोडलेले. दंडगोलाच्या एका बाजूच्या फटीतून त्यांनी पाणी ओढले, आणि त्या बाजूचा प्रवाह वळणाला चिकटून राहिला. सीमास्तराचा शोध आणि त्याला काबूत ठेवण्याची युक्ती एकाच छोट्या निबंधात जन्मावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुढे ग्यॉटिंगेनला ओस्कार श्रेंक यांनी शोषणाचे पंख तपासले. तिथे हेतू होता उचल वाढवण्याचा. स्वित्झर्लंडच्या वेर्नर फेनिंगर यांनी दुसरा हेतू धरला: थर खळबळण्याआधीच थोडाथोडा शोषत राहायचे, म्हणजे प्रवाह संथ राहतो, घर्षण घटते आणि इंधन वाचते. अमेरिकेत त्यांच्याच विचारांवर नॉर्थ्रॉपचे एक्स-21 उभे राहिले. 1963 मध्ये उडाले. पंखभर बारीक चिरा होत्या. त्यात धूळ अडके, आणि उंचावरच्या ढगांतले हिमकण प्रवाह बिघडवत. कल्पना खरी ठरली. तिला पेलेल असा पृष्ठभाग मात्र तेव्हाच्या कारखान्यांच्या आवाक्यात नव्हता. माझ्या मते या तंत्राची खरी लढाई गणिताशी नव्हतीच, ती कारागिरीशी होती.

म्हणूनच पुढचे मोठे पाऊल लेझरने टाकले. 1995-96 मध्ये नासाने एफ-16 एक्सएल विमानाच्या एका पंखावर टायटॅनियमचे आवरण चढवले. त्यात लेझरने पाडलेली एक कोटीहून जास्त सूक्ष्म छिद्रे होती, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगातही पंखाच्या रुंदीच्या जवळपास निम्म्या भागावर प्रवाह संथ राहिला.