गावकीचा निधी: मंडळ तुटीतून कसं सावरतं?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागात गावोगाव ग्रामस्थ मंडळ आणि चाकरमान्यांचं मुंबई मंडळ असतं. होळी, पालखी, गौरी-गणपती, क्रिकेट सामने हे वर्षाचे कार्यक्रम. वर्गणीतूनच वह्यावाटप, आजारपणात आणि मयतीला मदत होते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात घरांची छपरं उडाली. लॉकडाऊनमुळे मुंबईची कमाईही बंद. गरज वाढली तेव्हाच वर्गणी थकली.

सावरायचे उपाय साधे: थकबाकी हप्त्याने घ्यावी, मांडव-डीजेचा खर्च कमी करावा, जमाखर्च सभेत वाचावा. नोंदणीकृत न्यासाचे विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. हिशेब चोख असला की वर्गणी मागावी लागत नाही.