ॲपॉस्ट्रॉफी, इंग्रजी विशेषनामांतील
इंग्रजीत स्वामित्वसंबंध दाखवण्यासाठी नामापुढे, ‘एस’ या अक्षराआधी दिले जाणारे, उंचावर टेकवलेल्या स्वल्पविरामासारखे चिन्ह. जुन्या इंग्रजीतील षष्ठी प्रत्ययाच्या गळालेल्या स्वराची ती खूण. खरा वाद आहे तो ‘एस’ने संपणाऱ्या नावांचा. चार्ल्स, डिकन्स अशा नावांपुढे ‘शिकागो मॅन्युअल’ ही शैलीपुस्तिका चिन्हासह आणखी एक ‘एस’ लावते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली नुसत्या चिन्हावर थांबते. बोलताना ‘चार्ल्सिझ’ असा जादा उच्चार होतोच, म्हणून पहिली रीत अधिक सयुक्तिक ठरते. स्थळनामांत मात्र नियमाला कोणी विचारत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावरच्या अर्ल्स कोर्टला चिन्ह आहे, लगतच्या बॅरन्स कोर्टला नाही. १८९० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या भौगोलिक नाममंडळाने तर ते जवळजवळ हद्दपारच केले. स्थानिकांनी जोर लावल्यावर १९३३ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड या बेटाला अपवाद मिळाला.