भुसा, चुरा आणि आश्विनाचं ऊन

नवरात्र उठलं की आमच्या बेळगावच्या घराच्या मागल्या परसात काळे गोळे वाळत पडायचे. लिंबाएवढे, ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर आईच्या बोटांचे ठसे. आश्विनातलं ऊन कडक आणि पाऊस गेलेला, त्यामुळे वर्षाची ही बेगमी याच दिवसांत उरकायची. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबात पहिला घाणा याच गोळ्यांचा पडे. फराळाची आठवण सगळेच लिहितात. ज्या जळणावर तो फराळ तळला गेला त्याचा इतिहास लिहायचं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून या वर्षी मी तेच लिहायला घेतलं आहे.

आमचं घर वखारीला लागून होतं. वडील तिथे कारकून. खानापूर, लोंढा, दांडेलीकडचे ओंडके तिथे येत, आणि पलीकडच्या सॉ-मिलमध्ये करवतीखाली जात. ओंडका चिरताना त्याचा बराचसा भाग फळी न होता भुसा, ढलपे आणि सालपटं होऊन खाली पडतो. त्या काळी हा भुसा गिरणीवाल्याच्या डोक्याला ताप होता. ढीग वाढला तर आग लागायची भीती, पावसात भिजला तर कुजून वास. 'न्या बाबांनो एकदाचा' म्हणत तो पोत्यांनी फुकट वाटे. कोळशाच्या वखारीत पोत्यांच्या तळाशी राहणारा चुराही असाच, मातीमोल भावानं मिळायचा. या दोन टाकाऊ वस्तूंवर आमच्या गल्लीतली वीस-बावीस घरं जेवत होती.

गोळ्यांची कृती सोपी वाटते, पण हात बसायला दोन वर्षं जातात. चुरा आधी चाळून घ्यायचा. खडा राहिला की गोळा तिथेच फुटतो. तीन वाटे चुरा, एक वाटा बारीक भुसा आणि वाटाभर ताजं शेण. शेण नसेल तेव्हा चिकणमाती, पण ती बेतानं; माती जास्त झाली की गोळा दगडासारखा होतो, पेटता पेटत नाही आणि राखेनं शेगडी भरून जाते. शेजारच्या अक्का शेणाऐवजी भाताची पेज वापरीत, कधी चिंचोक्याची खळ. त्यांचे गोळे आमच्यापेक्षा टणक होत आणि राखही कमी पडे. आई पाणी सढळ हातानं घालायची तेव्हा अक्का कुंपणापलीकडून म्हणत, "वैनी, एवढं पाणी नका घालू बघा. वाळताना फुटतंय ते." पहिला दिवस सावलीत, मग चार-पाच दिवस उन्हात. उलट केलं तर वरची साल आधी आकसते, आतला ओलावा कोंडतो आणि गोळ्याला भेगा जातात.

अक्का कानडी. त्यांच्याकडे कोळसा म्हणजे 'इद्दलु', सरपण म्हणजे 'कट्टिगे', आपली शेणी म्हणजे 'कुळ्ळु' आणि चूल म्हणजे 'ओले'. हे शब्द मी शाळेत नव्हे, त्या कुंपणावर शिकलो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, रस्त्यावर मोर्चे निघाले. वडील एका बाजूला, अक्कांचे यजमान दुसऱ्या बाजूला. दोन महिने पुरुष मंडळी एकमेकांशी बोलत नव्हती. भुशाचं पोतं मात्र दर शनिवारी अर्धं-अर्धं होत होतं, कारण एका घराला अख्खं पोतं उचलून आणणं जमत नसे.

पण भुशाची ही वेळ आली कशी? आमच्या आजीच्या लहानपणी भुसा कुणी जाळत नसे. जंगल जवळ होतं, वाळकी काटकी उचलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली आणि कारवार जिल्ह्यातल्या व घाटमाथ्यावरच्या गावकऱ्यांचे पिढीजात हक्क 'सवलती' झाले. हक्क आणि सवलत यांत केवढं अंतर असतं हे फॉरेस्ट गार्डाच्या तावडीत सापडलेल्या मोळीवालीलाच विचारावं. १९३० साली कारवारकडे आणि मध्यप्रांतात जंगल सत्याग्रह झाले ते उगाच नाही. त्याआधीच, १८८० च्या दशकात, लोंढ्यावरून कॅसलरॉक आणि मुरगावकडे रेल्वे गेली होती. रूळ आले तशा मोठ्या पेठा जंगलाजवळ आल्या. लाकूड बाहेर जाऊ लागलं आणि गावाला उरला भुसा.

दुसऱ्या महायुद्धानं हे पक्कं केलं. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. ब्रह्मदेशाचं रॉकेल थांबलं, तिथलं सागवानही थांबलं. म्हणजे इकडच्या सागावर मागणीचा दुहेरी भार. पेट्रोलच्या टंचाईमुळे बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या वायूची टाकी बसवून त्या चालवल्या गेल्या. वडील सांगत, चढावर गाडी धापा टाकू लागली की उतारू खाली उतरून चालत. कोळसा असा मोटारींच्या पोटात जाऊ लागल्यावर चुलीच्या वाट्याला चुरा आला. भुशाची शेगडी आमच्या घरात आली ती या वर्षांत.

ती शेगडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रॉकेलचा रिकामा चौकोनी डबा घ्यायचा, त्याचं झाकण कापून टाकायचं आणि तळाजवळ एका बाजूला मुठीएवढं भोक पाडायचं. डब्याच्या मध्यभागी उभा दांडका धरायचा, भोकातून दुसरा आडवा सरकवून त्याला टेकवायचा. मग कोरडा भुसा थरावर थर घालून ठोकून ठोकून बसवायचा. आमच्याकडे उभ्या दांडक्याचं काम मोडक्या मुसळाचा तुकडा करी. डबा भरला की दोन्ही दांडके हलकेच फिरवत काढून घ्यायचे. आत एल आकाराचं भुयार उरतं. खालच्या भोकातून पेटती ढलपी सरकवली की ज्वाळा भुयारातून वर येते आणि भुसा आतून बाहेर जळत जातो. एकदा भरलेला डबा चार-पाच तास चाले. फुंकणी नको, सारखं लाकूड पुढे सारायला नको. आच कमी करायची तर भोकात लाकडाचा ठोकळा सरकवायचा. भात, आमटी, मग दूध, आणि शेवटी नुसत्या धगीवर आंघोळीचं पाणी. पातेली काळी होत, म्हणून बाहेरून राखेचा लेप द्यायचा. एकच जपायचं: शेगडीला धक्का लागू द्यायचा नाही. भुयार ढासळलं की आग गुदमरते आणि घरभर असा धूर होतो की विचारू नका. मी एकदा चेंडूच्या मागे धावताना ते केलं आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी जेवलं नाही.

आई आणि अक्का परसात जे करीत होत्या तेच जगाच्या दुसऱ्या टोकाला कारखान्यात चाललं होतं, हे मला फार उशिरा कळलं. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत लाकूड पुष्कळ लागे. त्यासाठी त्यानं मिशिगनमध्ये जंगल घेतलं, सॉ-मिल घातली, आणि मग त्याच्याही पुढे ढलप्या-भुशाचा डोंगर उभा राहिला. १९२० च्या दशकात त्यानं त्या लाकडाचा कोळसा करून, तो दळून, स्टार्चमध्ये कालवून, उशीच्या आकाराच्या वड्या पाडायला सुरुवात केली. स्टार्च म्हणजे शेवटी अक्कांची पेजच की! १९३० च्या दशकात आयडाहो राज्यात आणखी एक यंत्र निघालं. त्यात खळ नाही, शेण नाही. कोरडा भुसा प्रचंड दाबाखाली दाबला की तो तापतो, लाकडात मुळातच असलेलं लिग्निन नावाचं द्रव्य मऊ होतं आणि गार होताना तेच डिंकासारखं काम करतं. सुटा भुसा घनमीटरला दोनशे किलोही भरत नाही, दाबल्यावर तोच हजाराच्या वर जातो. हाताच्या मुठीत हा दाब येणं शक्य नाही, म्हणून घरच्या गोळ्याला खळ लागतेच.

आता जे सांगणार आहे ते लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला.

भुसा घातलेले गोळे सुरुवातीला धुरकटतात. म्हणून शेगडी बाहेर पेटवायची, धूर संपून निखारे लाल झाले की आत न्यायची, अशी रीत. १९६१ च्या डिसेंबरात माझी आत्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. थंडी मोठी होती. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्यांना वारा लागू नये म्हणून गोणपाट ठोकलं होतं. आठव्या रात्री आईनं लाल झालेली शेगडी बाजेखाली ठेवली आणि दार लोटून घेतलं. पहाटे हाक मारली तर आत्या उत्तर देईना. आईची किंकाळी ऐकून अक्का कुंपण ओलांडून आल्या आणि त्यांनी पहिलं काम केलं ते गोणपाट टराटरा फाडण्याचं. आत्या तासाभरानं शुद्धीवर आली, दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं. बाळ गेलं होतं. घरात म्हणाले, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, सटवाईचा कोप. आईला कुणी बोल लावला नाही.

१९६८ साली मी बी. एस्सी.ला होतो. कार्बन मोनॉक्साइड वर्गात शिकलो: रंग नाही, वास नाही, अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यातून निघतो, आणि धूर संपल्यावरही निघत राहतो. त्या संध्याकाळी मी मोठ्या शहाणपणानं आईला सगळं समजावून सांगितलं. रक्तातल्या हिमोग्लोबिनसकट. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या गोळ्यांनी?" मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी चुऱ्याची चाळण अक्कांकडे गेली. त्या वर्षी परसात गोळे वाळले नाहीत, नंतरही कधी नाही. विज्ञान सांगायलाच हवं होतं, यात शंका नाही. पण ते आईला सांगण्याऐवजी गल्लीतल्या इतर बाळंतिणींच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, आणि तेवढं मला त्या वयात सुचलं नाही.

भुशाची शेगडी मात्र पडवीत चालू राहिली. १९७३ च्या तेलसंकटात रॉकेलसाठी रांगा लागल्या तेव्हा तिनंच घर तारलं. सरकारी पातळीवर चुलीचा विचार व्हायला वेळच लागला. हैदराबादचे एस. पी. राजू यांनी पन्नाशीच्या दशकातच बिनधुराच्या चुलीवर पुस्तक लिहिलं होतं; बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' केंद्रानं पुढे 'अस्त्र ओले' काढली; निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात आला. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या, त्याला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ते वाचलं तेव्हा आई नव्हती. असती तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, खळ कसली घातली?

डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राच्या परवानगीशिवाय वनक्षेत्रात चालणाऱ्या सॉ-मिल बंद करण्याचा आदेश दिला. जंगलासाठी ते गरजेचंच होतं. आमच्या शेजारची गिरणी त्याआधीच बंद पडली होती. आता भुसा फुकट कुठेच मिळत नाही. त्याचे दाबून केलेले ओंडके कारखान्यांच्या बॉयलरला जातात. बडोद्याकडचे वाचक त्याला 'पांढरा कोळसा' म्हणून ओळखत असतील. गेल्या वर्षी नातवाला भुशाची शेगडी दाखवावी म्हणून मी एका सॉ-मिलमध्ये पिशवी घेऊन गेलो. मालकानं वर-खाली पाहिलं, सगळा माल ठेक्यानं जातो म्हणाला, आणि मग म्हातारा माणूस म्हणून दोन किलो तोलून दिला. पैसे घेतले.

शेगडी पेटली. नातू अर्धा तास बसला, मग कंटाळून आत गेला. मी तिच्यावर चहा केला आणि डबा विझेपर्यंत पडवीत, सगळी दारं उघडी टाकून बसलो. मुसळाचा तो तुकडा अजून आहे. एरवी आम्ही तो परसाच्या दाराला अडणी म्हणून लावतो.