पुन्हा पुन्हा लागणारी उन्हाळी : किशोरवयीनांतील मूत्रमार्ग संसर्ग आणि त्याचे उपचार

लघवी करताना होणारी जळजळ, थोड्या थोड्या वेळाने लघवीला जावेसे वाटणे, ओटीपोटातील दुखणे, लघवी गढूळ होणे या त्रासाला आपल्याकडे ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. शरीरात उष्णता वाढली असे मानून सब्जा, धण्याचे पाणी किंवा कोकम सरबत दिले जाते. पाणी कमी प्यायल्याने होणारी साधी जळजळ त्याने शमते; जंतुसंसर्ग मात्र केवळ त्याने बरा होईल असे धरून चालता येत नाही. सहा महिन्यांत २ किंवा वर्षभरात ३ वेळा संसर्ग झाल्यास वैद्यकशास्त्र त्याला ‘वारंवार होणारा संसर्ग’ मानते. अशा वेळी प्रत्येक खेपेस नवे औषध घेण्याऐवजी संसर्ग का परततो याचा शोध घेणे, हाच उपचाराचा गाभा असतो.

तातडीची लक्षणे

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूस पाठीत दुखणे आणि उलट्या ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची चिन्हे होत. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मूत्रपिंडातील संसर्ग पुन्हा पुन्हा झाल्यास तेथे कायमचे व्रण राहू शकतात.

संसर्ग का परततो?

बहुतांश संसर्ग आतड्यातील ‘ई. कोलाय’ या जिवाणूमुळे होतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असून गुदद्वाराच्या जवळ असल्याने त्यांना हा त्रास अधिक होतो. शाळेतील स्वच्छतागृह नकोसे वाटते म्हणून दिवसभर पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे ही अनेक मुलींची सवय असते. जुनी बद्धकोष्ठता हे दुसरे, सहसा दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. याखेरीज मधुमेह, मुतखडा, मूत्रमार्गाच्या रचनेतील दोष आणि लैंगिक संबंध हीदेखील कारणे असू शकतात. मुलग्यांमध्ये या वयात हा संसर्ग क्वचित होतो. म्हणून त्यांच्या बाबतीत पहिल्याच वेळी कारण शोधणे योग्य ठरते.

कल्चर तपासणी : प्रतिजैविकाच्या आधी

लघवीच्या साध्या तपासणीत पू-पेशी दिसतात. पण जिवाणू कोणता आणि त्यावर कोणते औषध लागू पडेल, हे कल्चर तपासणीतच कळते. नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. जागा पाण्याने स्वच्छ करून, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. डबी तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी; ते शक्य नसल्यास फ्रिजमध्ये ठेवावी. अहवालास साधारण दोन ते तीन दिवस लागतात. दरम्यान डॉक्टर औषध सुरू करतात आणि अहवाल पाहून गरज भासल्यास ते बदलतात.

फार्मसीतून मागच्या वेळचीच गोळी आणणे किंवा बरे वाटताच औषध बंद करणे टाळावे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू अशानेच बळावतात. याउलट, कोणतेही लक्षण नसताना अहवालात जिवाणू आढळले, तर सहसा उपचारांची गरज नसते. लक्षणे आहेत, पू-पेशीही आहेत, परंतु कल्चरमध्ये वारंवार काहीच उगवत नाही, अशा वेळी क्षयरोगासह अन्य कारणे तपासावी लागतात.

पुढील तपासण्या आणि उपचार

सोनोग्राफीत मूत्रपिंडे, खडे आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात शिल्लक राहणारी लघवी पाहता येते. मूत्रमार्गाची अधिक सखोल चित्रतपासणी प्रत्येकीला लागत नाही. कारण सापडल्यास त्यावर उपचार होतात. बद्धकोष्ठता दूर केल्यानेही अनेकींचा त्रास कमी होतो. इतके करूनही संसर्ग परतत राहिल्यास डॉक्टर काही महिने कमी मात्रेतील प्रतिबंधक औषध देऊ शकतात.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मुलीशी काही मिनिटे एकांतात बोलू द्यावे. मासिक पाळी, पांढरे पाणी जाणे किंवा शरीरसंबंध यांविषयी ती आईवडिलांसमोर बोलेलच असे नाही आणि निदान त्या एका उत्तरावर अवलंबून असू शकते.

गोव्यात कोठे जावे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. त्यापुढे म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये, तर विशेषज्ञांच्या सल्ल्यासाठी बांबोळीचे गोमेकॉ आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा लाभ मिळतो का, याची तेथेच चौकशी करावी.

प्रतिबंध

दर तीन-चार तासांनी घाई न करता लघवी करावी. शौचानंतर पुढून मागे स्वच्छता करावी, पाळीत पॅड वेळेवर बदलावे आणि सुगंधी साबण वा द्रावणे टाळावीत. पाण्याचे महत्त्व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० प्रौढ स्त्रियांपैकी ज्यांनी रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायले, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. मुलीला वर्ग चालू असताना लघवीस जाऊ द्यावे, अशी लेखी विनंती पालकांनी शाळेला करावी.

एक फाईल ठेवावी

संसर्गाची तारीख, लक्षणे, कल्चरचा अहवाल, औषधाचे नाव आणि ते किती दिवस घेतले, याची नोंद एका फाईलमध्ये ठेवावी. डॉक्टर बदलले की प्रत्येक संसर्ग पहिलाच समजून हाताळला जाण्याचा धोका असतो. सलग नोंदी समोर असल्या की नेमके काय परतते आहे, ते डॉक्टरांना दिसते. ही फाईल मुलीनेच सांभाळावी. आपल्या शरीराविषयी संकोच न बाळगता डॉक्टरांशी बोलण्याची सवय तिला त्यातूनच लागेल.